घर खाली आहे

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आम्ही बावीस जण होतो. त्यातले एकवीस जण संपादक व्हायला आले होते आणि बाविसावा चुकून आला होता, त्याला शेजारच्या इमारतीत बीकॉमला जायचं होतं. बातमी आणायला मात्र कोणीच आलं नव्हतं. बातमी अंगठ्यानं वर सरकवायची असते एवढंच आम्हांला ठाऊक. ती पायांनी जाऊन आणायची असते हे पहिल्यांदा कळलं, त्या दिवशी निम्म्या वर्गाला ताप आला.

आम्हांला शिकवायला जे सर होते ते रायपुरातल्याच एका हिंदी दैनिकाचं शहराचं पान सांभाळत. म्हणजे त्यांचं खरं काम ते पान भरणं, आणि आम्ही बावीस जण त्यात भरायचा फुकटचा भुसा. याला ते 'प्रॅक्टिकल' म्हणायचे. सरांचा आवाज असा की त्यांनी कॅन्टीनमध्ये चहा सांगितला की स्टेशनवर उभी असलेली गाडी आपल्यालाच बोलावलं समजून हलायची. पत्रकारितेवर त्यांचं एकच तत्त्व होतं, ते वर्षभर पुरलं. 'आँसू लाओ,' म्हणायचे. 'आँकड़े तो सरकार भी दे देती है।'

एका सोमवारी त्यांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि जमीनदारानं पोरांना शेतं वाटावीत तशा आम्हांला वस्त्या वाटल्या. ज्याला उरला नावाची कारखान्यांची वस्ती मिळाली तो पोट्टा पांढरा शर्ट घालून गेला. रोलिंग मिलांच्या रस्त्यावर दिवसभर फिरून संध्याकाळी काळाठिक्कर होऊन घरी आला तर आईनं त्याला दारातूनच परत पाठवलं, आम्हांला काही घ्यायचं नाही म्हणून. मला मिळाला ब्राह्मणपारा. पारा म्हणजे इकडे वस्ती. देवळं, जुनी घरं, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोर दोन स्कूट्या आल्या तर एकीनं तिथेच संसार थाटावा, दुसरा इलाज नाही.

मी स्वतःचं प्रेस कार्ड स्वतःच छापून लॅमिनेट करून घेतलं होतं. आकार एवढा की स्कूटीवर वारा लागला की ते उलटून तोंडावर बसायचं आणि मी एक-दोन चौक आंधळीच पार करायची. ते गळ्यात घालून मी आठवडाभर ब्राह्मणपाऱ्यात फिरले. कोणाला काही विचारलं की लोक प्रसाद द्यायचे. इथली समस्या काय, तर हा घ्या शिरा. नाल्या तुंबतात का, तर थोडे चणे घ्या. आठवड्याच्या शेवटी माझं वजन दोन किलोनं वाढलं होतं आणि बातमी शून्य.

आता इथे माझ्या जिभेबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिचाच. आम्ही राहतो समता कॉलनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. बाबा रेल्वेत, मूळचे वर्ध्याकडचे. घरात आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. 'जेवून घे.' 'भूख नहीं है।' 'कुठं चालली?' 'बस यहीं।' आई म्हणायची, 'हिचे कान आपले आहेत, जीभ भाड्यानं आणलेली.' मराठीची मला लाज वाटायची असं नाही. लाज वाटायलाही आधी तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. मराठी म्हणजे माझ्या लेखी आईचा गाऊन होता. घरात चालतो, गेटपर्यंत चालतो, दूध घ्यायला चालतो. प्रेस कार्ड लावून कोणी गाऊन घालत नाही.

तर दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिकेच्या झोनच्या ऑफिसातून जर्जर घरांची यादी निघते. जर्जर म्हणजे मोडकळीला आलेली. त्यात माणसं राहत असतील तर मालकाला नोटीस, सुनावणी, दुरुस्तीची मुदत, सगळं सावकाश. कोणी राहत नसेल तर सरळ जेसीबी. 'एक मकान पकड़ो,' सर म्हणाले, 'और आँसू लाओ।'

मी पकडलं. गल्लीच्या तोंडाशी दुमजली घर होतं. बाहेरून जिना, वरच्या मजल्याला कुलूप, आणि भिंतीला गेलेली भेग इतकी ऐसपैस की तिच्यात एक मांजर बाळंत झाली होती, पिलांसकट. मी जिन्यानं थेट गच्चीवर गेले. फोटो वरून चांगला येतो असं आम्हांला शिकवलं होतं. खाली काय आहे ते बघावं, हे कोणी शिकवलं नव्हतं. जिन्याखालून एक बोळ आत जात होता, त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

गच्चीवर पन्नाशीच्या एक बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. केसांचा घट्ट अंबाडा, दातांत तीन चिमटे. मी कार्ड सरळ केलं आणि हिंदीत सुरू झाले. 'आंटी, मैं प्रेस से हूँ।'

बाईंनी चिमटे काढले. 'बोलो बेटा।'

त्या दोन शब्दांतच मला कळलं की बाई मराठी आहेत. आमच्याकडची माणसं हिंदी बोलतात तेव्हा वाक्य हिंदी असतं, सूर मात्र वर्धा स्टेशनवर उतरून गेलेला असतो. हे कळलं, आणि तरी मी हिंदीतच बोलत राहिले. आज विचारलं तर सांगता येणार नाही का. बहुतेक कार्ड गळ्यात होतं म्हणून.

'ऊपर तो ताला है। कोई नहीं रहता?'

'ऊपर वाले गए। कब के गए।'

'और आपका घर?'

'मेरा घर तो खाली है,' बाई म्हणाल्या.

'अच्छा। कब से?'

'बीस साल से खाली है। ऊपर वाले बोले थे, ऊपर आ जाओ, हवा अच्छी है। मैं बोली, नहीं बाबा। अपना खाली ही अच्छा।'

माझ्या अंगावर काटा आला. केवढं वैराग्य. बाईनं घर सोडून वीस वर्षं झाली आणि तरी तिचा पाय निघत नाही, कपडे वाळवायला तिनं याच गच्चीवर यावं. अपना खाली ही अच्छा. वाऱ्यानं चादरीचं टोक तिच्या डोळ्याला लागलं, तिनं पदरानं डोळा पुसला, आणि मी वहीत लिहिलं, नम आँखें.

माझ्या डोक्यात दोन भाषा होत्या, आणि त्यांतली जी जन्मापासून घरात होती ती त्या मिनिटाला गाऊन घालून आत झोपली होती. सहा वर्षांच्या मराठी पोरानं सांगितलं असतं की बाई तिचं घर खालच्या मजल्यावर आहे असं सांगून राहिली. मी पत्रकारितेच्या तिसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे मला ते कळलं नाही.

त्या लेखात मी जे काही केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. सोडून गेलेल्या घराच्या गच्चीवर येणारी बाई, दोरी म्हणजे तिची नाळ, चिमटे म्हणजे आठवणी. कपडा किती वाळला हे ती हातानं नाही, काळजानं बघते असंही एक वाक्य होतं. आणि या सगळ्यात ठसठशीत, अवतरणचिन्हांत: 'मेरा घर बीस साल से खाली है।' सरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग मथळा दिला, 'छोड़े हुए घर की छत पर आज भी सूखती हैं यादें'. रविवारी चार कॉलम लागले, फोटोसकट. बाबांनी आठ अंक घेतले आणि रेल्वेच्या ऑफिसात वाटले. आई वाचून म्हणाली, 'इतकी वर्षं रिकाम्या घरावर कपडे वाळवते? बाईले दुसरी गच्ची नाही मिळाली?' त्या लेखाची सगळ्या शहरात झालेली ही एकमेव समीक्षा, आणि ती मी फेटाळली.

दहाएक दिवसांनी मी तीन अंक घेऊन त्या गल्लीत गेले. बाईंना द्यायचे होते. त्या रडतील, मला जवळ घेतील, मी नको-नको म्हणेन, असा साधारण बेत होता. गच्चीवर कोणी नव्हतं. गल्लीत विचारलं तर फुलवाल्यानं जिन्याखालच्या बोळाकडे बोट केलं, 'दीदी तो अंदर हैं, मशीन पर।'

बोळाच्या टोकाला दार, दारात उजेड, उजेडात शिवणाची मशीन. वर दांडीवर इतके ब्लाउज लटकलेले की अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यातल्या बायका अंगातून निघून तिथं टांगल्यासारख्या. साड्यांचे गठ्ठे, गॅसवर चहा, कोपऱ्यात कॉट. बाई फॉल-पिको करत होत्या. फॉल-पिको ज्यांना माहीत नाही ते पुरुष असतील, त्यांनी घरी विचारावं. दारावर बाहेरून एक सरकारी कागद चिकटवलेला होता.

मी कागद वाचला. 'भवन रिक्त एवं जर्जर पाया गया. सात दिवस में आपत्ति प्रस्तुत करें.' आपत्ति म्हणजे हरकत. खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी होती, आणि त्यात एक नोंद अशी: समाचार-पत्र की कतरन. म्हणजे माझ्याच लेखाचं कात्रण.

'आंटी, ये क्या है?'

बाईंनी पाय थांबवला. 'पेपर में आया कि मेरा घर कोई नहीं रहता। मालिक ने कागज लगाया। अब तोड़ेंगे।' त्यांनी माझ्या हातातल्या अंकांकडे पाहिलं, मग कार्डाकडे. 'वो पेपर वाली तुम ही हो ना?'

'आपने ही तो कहा था, घर खाली है।'

'हाँ तो। खाली ही है। ऊपर थोड़ी है।' मग त्या मशीनकडे वळल्या आणि मशीनलाच सांगितलं, मराठीत, हळू: 'या पोट्टीले कोणी लेखणी देल्ली कोण जाणे. खाली म्हटलं तं रिकामं समजते.'

'नाही हो काकू, मले वाटलं...' माझ्या तोंडून निघून गेलं.

मशीन थांबलेलीच होती, तरी अजून थांबली. काकूंनी चष्मा नाकावरून खाली घेतला.

'तुले मराठी येते?'

मी मान हलवली.

'कुठची?'

'वर्ध्याकडची. म्हणजे बाबा.'

'मंग त्या दिवशी काहून नाही बोलली?'

मला आजवर खूप लोकांनी खूप प्रश्न विचारले. नोकरीच्या मुलाखतीत विचारले, पोलिसांनी विचारले, एकदा एका आमदारानं विचारला. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं, बहुतेक वेळा खोटं. त्या दिवशी मी गळ्यातलं कार्ड उलटं करून ठेवलं.

'मी तुले तुयी भाषा बोलून राहिली होती,' काकू म्हणाल्या, 'तुले समजावं म्हणून. तू मायी ऐकून राहिली असती तं हे झालं नसतं.' मग त्यांनी सरळ हिशोब सांगितला, कामाचा. त्यांचा नवरा स्टील प्लांटमध्ये होता, तो गेला तेव्हा ही खोली होती आणि ही मशीन होती. खोली गेली तर मशीन ठेवायला जागा नाही. मशीन नाही तर वर्ध्याला भावाच्या दारात. 'आणि भाऊ चांगला आहे,' त्या म्हणाल्या. 'पण मले कोणाच्या घरी चांगलं राहायचं नाही.'

मी तिथून थेट सरांकडे गेले. वर्तमानपत्रांत 'भूल सुधार' म्हणून चुकीच्या दुरुस्तीची एक चौकट असते, बोटाएवढी, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खाली. तेवढी मागितली. सरांनी मला बसवलं, चहा दिला आणि तासभर पत्रकारितेचा इतिहास सांगितला. त्यांच्या सांगण्यानुसार या देशात वर्तमानपत्रं चुकलेली नाहीत, वाचक चुकतात. 'और तुमने कोट सही दिया है,' ते म्हणाले. 'उन्होंने कहा खाली, तुमने लिखा खाली। इसमें भूल कहाँ है?'

'सर, उनका खाली मराठी वाला था।'

'तो हमारा अखबार मराठी में है क्या?'

यावर त्या खोलीत बसलेले दोन उपसंपादक मनापासून हसले. ते कुठल्याही विनोदाला मनापासून हसत, फक्त तो सरांचा असावा लागे. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाचा आवाज ऐकून गाड्या हलतात त्याच्या पानावरचं एक अक्षर मात्र देवानं ढकललं तरी हलत नाही.

मग मी काकूंना घेऊन झोनच्या ऑफिसात गेले. तिथले बाबू म्हणजे मान आखूड, टेबलावर फायलींचा असा डोंगर की बाबूचा आवाज कुठल्या दरीतून येतो ते शोधावं लागे. मालकही आला होता. सफारी सूट, कपाळावर टिळा, दर वाक्यात एकदा 'सेवा'. त्याला त्या जागेवर चार मजली कॉम्प्लेक्स बांधून वस्तीची सेवा करायची होती.

'दीदी तो कब की चली गईं,' मालक प्रेमानं म्हणाला. 'कभी-कभार आती हैं, कपड़े-वपड़े सुखाने। पेपर में भी आया है, देखिए। बहुत सुंदर लिखा है।'

माझं कौतुक माझ्यासमोर करणारा तो पहिला वाचक.

'भैया, मैं तो रोज वहीं रहती,' काकू म्हणाल्या. 'खाली।'

बाबूनं पेन उचललं. 'देखो, खुद बोल रही हैं।'

मी मध्ये पडले. 'सर, मराठी में खाली मतलब नीचे होता है।'

'अच्छा।' बाबूला अभ्यासाची आवड होती. 'तो खाली को क्या बोलते हैं?'

'रिकामा।'

'रिकामा कौन है?'

'कोई नहीं है सर। रिकामा मतलब खाली। खाली मतलब नीचे।'

'और नीचे मतलब?'

'नीचे मतलब नीचे ही, सर, वो हिंदी है।'

बाबूनं पेन ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून घेतलं, त्यानं तिसऱ्याला. पंधरा मिनिटं त्या ऑफिसात कामकाज बंद होतं आणि सहा सरकारी माणसं एकमेकांना 'खाली' म्हणून दाखवत होती. शेवटी निर्णय झाला की फाईल हिंदीत आहे तेव्हा शब्दही हिंदीतच धरला जाईल. पण तक्रार आलीच आहे तर साहेबाच्या सहीआधी बाबू स्वतः जागेवर येऊन बघतील, गुरुवारी.

बुधवारी मी काकूंकडे जाऊन बसले आणि त्यांना शिकवणी दिली. 'काकू, ते विचारतील घर कहाँ है. तुम्ही फक्त म्हणायचं, नीचे. खाली नाही. नीचे.'

काकू सुईत दोरा घालत होत्या. 'मी जन्मापासून खाली म्हणते.'

'एक दिवस, काकू.'

'तू त्यांचं सगळं करते. कार्ड त्यांचं घालते, बोलते त्यांचं, लिहिते त्यांचं. मले बी आता त्यांचंच करायले सांगून राहिली.' त्यांनी दोरा दातानं तोडला. 'म्हणीन. लक्षात राहिलं तं.'

गुरुवारी बाबू आले, मालक आला, मालकाची सेवा करणारे दोघे आले. सगळे वरच्या मजल्याच्या जिन्यावर चढले, कारण भेग तिथून दिसत होती. मांजर पिलांना घेऊन दुसऱ्या घरी गेलेली. बहुतेक तिला नोटीस वेळेवर मिळाली असावी. काकू वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून आल्या तेव्हा बाबूनं परीक्षेचा प्रश्न विचारला.

'अम्मा, आपका घर कहाँ है?'

मी मागून ओठांनी 'नीचे, नीचे' करत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं, हे मी शपथेवर सांगते. मग त्या बाबूकडे वळल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, 'खाली।'

मालकाच्या चेहऱ्यावर चार मजले चढले. 'सुन लिया साहब?'

'सुन लिया तो चलो ना,' काकू म्हणाल्या. 'खाली है बोली तो खाली आके देखो। ऊपर काहे को खड़े हो सब के सब?'

आणि त्या उतरू लागल्या. कपड्यांचा गठ्ठा हातात, मागे वळून न बघता. बाबूला काही सुचेना, तो मागे उतरला. त्याच्या मागे मालक, त्याच्या मागे सेवा, सगळ्यांत शेवटी मी. बोळातून आत गेल्यावर बाबू दारात थबकला. वर टांगलेले ब्लाउज, गॅसवर उकळणारा चहा, मशीनवर अर्धवट फॉल लागलेली हिरवी साडी. बाबूच्या डोक्यावर एक बाही आली होती, ती त्यानं हळूच बाजूला केली.

मालक म्हणाला, 'ये सब तो... साहब, कल ही लाकर रखा होगा।'

काकूंना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्या दांडीवर काहीतरी शोधत होत्या. एक मरून ब्लाउज त्यांनी खाली घेतला, झटकला, घडी केली आणि मालकाच्या हातात दिला, गिऱ्हाईकाला देतात तसा.

'भैया, दीदी का ब्लाउज। बाँह एक उँगल ढीली की है, पिछली बार कसता बोल रही थी। मंगल को नाप देने आई तब बोली थी, जल्दी चाहिए। और बोलना, हरी साड़ी का फॉल कल देती हूँ।'

मालकाच्या हातात स्वतःच्या बायकोचा ब्लाउज. मशीनवर स्वतःच्या बायकोची साडी. मालकीणबाई याच मंगळवारी या रिकाम्या घरात येऊन माप देऊन गेल्या होत्या, आणि काकू टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तो ब्लाउज पोचवायचा होता.

बाबूनं पेन काढलं. 'सेठ जी,' तो म्हणाला, 'रिक्त मकान में नाप कौन ले रहा था?'

मालकानं सेवा हा शब्द पहिल्यांदा गिळला. खोकला. बाबू लिहीत राहिला, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या क्षणी तो आखूड मानेचा माणूस मला आमच्या अख्ख्या विभागापेक्षा बरा वार्ताहर वाटला. तो खाली उतरला होता.

यादीतून घर निघालं. मालकाला दुरुस्तीची नोटीस गेली. आणि पुढच्या रविवारी सरांच्या पानावर चौकट आली. हिंदी वर्तमानपत्रांची एक जुनी सवय आहे. आपण छापलेल्या बातमीनंतर शहरात काहीही झालं, पाऊस पडला तरी, वर लाल अक्षरांत छापायचं: 'खबर का असर'. तसंच छापलं होतं. आमच्या दैनिकानं एका गरीब महिलेच्या घराचा प्रश्न उचलून धरला, प्रशासन हललं, घर वाचलं. खाली माझं नाव, या वेळी माझ्या फोटोसकट. ज्या सरांनी बोटभर भूल सुधार नाकारला त्यांनीच दोन कॉलम असर दिला, आणि वर्गात माझ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. उरलेल्या वीस संपादकांनी वाजवल्या. बीकॉमवालाही वाजवत होता.

मी उभं राहून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते कात्रण माझ्या फायलीत आहे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवलं, आणि समोरचे तिघे माना डोलावत म्हणाले, अशी पत्रकारिता आता राहिली नाही. राहू नये अशी माझी तेव्हाही इच्छा होती. मी तोंडानं 'धन्यवाद सर' म्हटलं.

पण काकूंना पेपरातलं काही नको होतं. त्यांना बाबूच्या पाहणीच्या अहवालाची नक्कल हवी होती. शिक्का असलेली, हातात. पुन्हा कोणी कात्रण लावलं तर दाखवायला. ती आणायला मी झोनच्या ऑफिसात इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला हजेरीपटावर सही करायला सांगू लागला. शेवटी मिळाली. एक पान. मी ती घेऊन बोळात गेले, आणि काकू म्हणाल्या, 'वाच. मराठीत सांग.'

मी वाचायला लागले. अर्धं पान माझ्या तोंडात अडकलं. ज्या भाषेत मी भूक नाही एवढंही सांगत नव्हते त्या भाषेत सरकारी कागद सांगायचा होता, आणि काकू सोडत नव्हत्या. कुठं अडखळले की मशीनवरून मान वर व्हायची.

'"भूतल आबाद,"' मी वाचलं.

'भूतल म्हणजे?'

'खालचा मजला.'

'आणि आबाद?'

मी थांबले. आबाद म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं, फक्त आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नव्हतं. 'आबाद म्हणजे... म्हणजे इथं माणूस राहते, काकू.'

'मंग तसंच लिहायचं होतं ना.'

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, दोन घड्या घातल्या आणि गॅसच्या पुस्तकात ठेवून दिला. मी दारातच उभी होते, अजून काही म्हणतील म्हणून.

'आता सरक,' काकू म्हणाल्या आणि पाय मशीनवर ठेवला. 'उजेड अडवून राहिली.'